परभणीचे आधण

वनस्पतीचे सत्त्व काढून घेण्याच्या ज्या पाच रीती शार्ङ्गधराने सांगितल्या, त्या स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाचांपैकी तिसरी आणि पाचवी यांत जे अंतर आहे तेच आपला चहा आणि चिनी लोकांचा चहा यांत आहे, हे माझ्या ध्यानी आले ते एका आप्ताने तैवानहून आणून दिलेल्या लहानशा पुडीमुळे. क्वाथ म्हणजे आपला काढा: द्रव्याच्या सोळापट पाणी घ्यावे, ते अग्नीवर आटवीत न्यावे आणि आठवा हिस्सा उरला म्हणजे उतरवून गाळावे. फांटाची रीत याहून सौम्य आहे. तेथे पाणी एकदा उकळले की अग्नीचा संबंध संपतो, आणि त्या उष्ण पाण्यात भिजलेले द्रव्य आपण होऊन जेवढे देईल तेवढेच घ्यावयाचे असते. परभणी जिल्ह्यात चहा आला तो क्वाथ होऊन आला, आणि क्वाथ म्हणूनच येथे रुजला. असे का झाले याचा विचार करू लागलो तेव्हा आगगाडी, करोडगिरीचा नाका, हाली शिक्का, विहिरीचे जड पाणी, तुराटीचा जाळ आणि हॉटेलाच्या भिंतीत निराळी ठेवलेली एक कपबशी अशा गोष्टी एकामागून एक डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. आणि त्यांतील शेवटची गोष्ट इतकी जड निघाली की बाकीचे सारे तिच्या अनुषंगानेच सांगावे असे वाटले.

प्रथम त्या पुडीविषयी. ती दीडशे ग्रॅमांची होती, आणि हे वजन मला आधी विचित्र वाटले. परंतु तैवानात चहा अजूनही 'जिन' नावाच्या जुन्या मापाने विकला जातो, एक जिन ६०० ग्रॅमांचा, आणि त्याचे 'लिआंग' सोळा. आपल्या शेराचे छटाकही सोळाच होते. तेव्हा चार लिआंगांची ती पुडी त्यांच्या हिशेबाने सरळ पावशेराची झाली, आणि समुद्रापलीकडचा तो दुकानदार मला एकाएकी आपल्या गुजरी बाजारातल्या किराणा दुकानदाराच्या पंक्तीला बसलेला दिसू लागला. आत जे होते त्याला आपल्याकडे कोणी चहा म्हटले नसते. हिरवट काळ्या रंगाचे, वाटाण्याएवढे, घट्ट वळलेले गोळे. काहींना बारीक देठ चिकटलेला, कारण हाताने खुडलेल्या चहात देठ राहतो आणि जाणता गिऱ्हाईक तो दोष न मानता खूण मानतो. एक हजार मीटरच्या वर पिकलेल्या पानालाच तिकडे 'उंच डोंगराचा चहा' ही संज्ञा लावतात. अलिशान, लिशान, दायूलिंग ही त्या डोंगरांची नावे, आणि दायूलिंगचे मळे तर अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत. तेथे धुके आणि गारठा यांमुळे पान सावकाश वाढते, जाड होते, त्यातला कडवटपणा उणा होऊन गोडवा वाढतो. खुडलेले पान आधी उन्हात कोमेजू देतात, मग सावलीत सुपात घोळावे तसे वारंवार हलवतात, म्हणजे पानाच्या कडा खरचटून तांबूस होऊ लागतात. हे तांबूस होणे मध्येच उष्णता देऊन थांबवावयाचे आणि मग पान कापडात गच्च बांधून कित्येक वेळा मळावयाचे. हिरवा चहा तांबूस होऊच देत नाहीत, काळा चहा पूर्ण होऊ देतात. उलाँग या दोहोंच्या मधला. नेमके कोठे थांबावयाचे, हेच त्या कारागिराचे सारे ज्ञान.

असा चहा विकत घेणे हीही तेथे एक विद्याच आहे. वसंतातली आणि हिवाळ्यातली खुडणी श्रेष्ठ मानतात. गोळ्यांचा आकार एकसारखा आहे का, रंगावर तकाकी आहे का, ऊन पाणी पडताच पहिली वाफ कशी येते आणि भिजलेले पान शेवटी अखंड उलगडते का, हे पाहूनच भाव ठरतो. व्हिएतनामात पिकलेला स्वस्त चहा उंच डोंगराचा म्हणून खपवला जाण्याचे भय तेथील गिऱ्हाइकाला नेहमीच असते, म्हणून नावापेक्षा जिभेवर आणि ओळखीच्या बागाइतदारावर तो अधिक भरवसा ठेवतो. लुगू येथील शेतकरी संघाने १९७६ पासून चहाच्या स्पर्धा चालविल्या. तेथे परीक्षक तीन ग्रॅम पान दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे ठेवतात, कारण इतका वेळ ठेवल्यावर पानाला आपला कोणताही दोष लपवता येत नाही. या उलाँगाचे मूळ ठिकाण चीनच्या फूच्यान प्रांतातील वूयी पर्वत मानतात. तैवानातला उलाँग जगाच्या बाजारात आला तो मात्र जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने १८६९ मध्ये दोन जहाजे भरून थेट न्यू यॉर्कला पाठवला तेव्हापासून.

आता आपल्याकडे वळू. परभणीची भूमी चहाची नव्हे, आणि हे सांगण्यास कृषी विद्यापीठात जाण्याचीही गरज नाही. चहाच्या झुडपाला आम्लधर्मी माती हवी, साडेचार ते साडेपाच सामूची. आपली काळी, कपाशीची जमीन चुन्याने भरलेली आणि साडेसातच्या वरची. त्याला पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या पुढचा हवा. आपल्याकडे आठ-नऊशे पडला तर ते सुकाळाचे वर्ष. म्हणून या जिल्ह्यात ज्वारी, कापूस, तूर यांविषयी जेवढे पिढीजाद ज्ञान आहे, तेवढे अज्ञान चहाच्या झाडाविषयी असावे यात नवल नाही. हाताने सरकी दाबून कापसाची प्रत सांगणारा माणूस चहा घेताना मात्र केवळ पुडीवरचे चित्र पाही; पान त्याने पाहिलेलेच नव्हते, तर त्याची पारख तो कशी करणार?

हिंदुस्थानात चहा इंग्रजांनी आणला असे आपण सहज म्हणून जातो, पण ते पुरते खरे नाही. सुरतेच्या वखारीतील पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने १६८९ च्या सुमारास तेथील वाण्यांना चहात मसाला, खडीसाखर किंवा लिंबू घालून पिताना पाहिले होते, आणि त्याच्याही अर्धशतक आधी मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने सुरतेतील चहापानाची नोंद केली होती. तो चहा चीनचा, बंदरातल्या धनिकांचा, आणि औषधीच्या मर्यादेत राहिलेला. आसामातल्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव लंडनला १८३९ च्या जानेवारीत झाला, आणि पुढे कित्येक दशके हा माल मुख्यतः परदेशीच जात राहिला. महाराष्ट्रात चहाच्या पेल्याने पहिला मोठा गलबला केला तो पुण्यास. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास गेलेल्या मंडळींपुढे चहा ठेवला गेला. त्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोश्यांनी ती नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करवली, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांपर्यंत येऊन ठेपले. त्या वादात कोणी चहाच्या गुणदोषांविषयी बोलल्याचे दिसत नाही. चहा कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. हा प्रश्न पुढे आमच्या जिल्ह्यात फार निराळ्या आणि फार क्रूर रूपाने आला, त्याकडे मी येतोच.

निजामाच्या मुलखात दिवाण सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, तालुकदार, तहसीलदार, मुन्सफ आणि त्यांच्या हाताखालचे पेशकार व मोहर्रीर असा अंमल बसला, आणि परभणी जिल्ह्याची कचेरी उभी राहिली. तेव्हाचा जिल्हा आजच्याहून विस्तीर्ण होता. हिंगोली त्यातच होती आणि १९९९ पर्यंत त्यातच राहिली, परतूरही होते. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. छावणीतल्या गोऱ्या अंमलदारांच्या मेजावर किटली असणारच; परंतु त्यांचा चहा छावणीच्या हद्दीबाहेर आला तो खानसाम्यांच्या आणि शिपायांच्या तोंडून कथा होऊन, पेय होऊन नव्हे. बाहेरच्या गावात पाहुण्याच्या हातावर अजून गूळ ठेवला जाई आणि पुढे पाण्याचा तांब्या. उन्हाळ्यात ताक, आणि उठताना पानसुपारी. गंगाखेडच्या जनाबाईच्या ओव्यांनी ज्या प्रदेशाची पहाट जात्याशी जोडली, त्या प्रदेशात पहाटे दळायला बसणारी बाई कोमट पाण्याच्या घोटावरच बसत असे.

हे सारे पालटण्यास आरंभ झाला तो आगगाडीने. मनमाडहून औरंगाबाद, जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा मीटरमापी फाटा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. मुंबईकडून येणाऱ्या मोठ्या रुळांवरचा माल मनमाडला उतरवून लहान रुळांवर चढवावा लागे, आणि निजामाच्या हद्दीत शिरताना त्यावर करोडगिरीचे अंमलदार शेकडा पाच या दराने जकात घेत. जो चहा इंग्रजी कलदार रुपयाच्या भावाने मुंबईहून निघाला तो परभणीच्या दुकानात निजामाच्या हाली रुपयाने विकावयाचा, आणि शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली मोजावे लागत. एवढ्या दस्तुऱ्या आणि एवढ्या बट्ट्यांतून पार पडल्यावर खेड्यातल्या माणसाच्या हाती जे येई ते पान नसे, पानाची भुकटी असे. चाळून चाळून चांगली प्रत विलायतेस गेल्यावर खाली उरणारी बारीक, एका आण्याच्या कागदी पुडीत मावणारी. ही भुकटी उष्ण पाण्यात नुसती भिजवून पाच-सहा वेळा रस काढण्याजोगी नसते. ती एकाच वेळी सारे काही देऊन टाकते आणि रिकामी होते. तिच्यावर पैसा खर्चणाऱ्याने तिच्यातला शेवटचा अंशही उकळून घ्यावा हे अगदी स्वाभाविक होते.

त्यातून पाणी. आठव्या शतकातल्या लू यू या चिनी ग्रंथकाराने चहासाठी डोंगराचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ अशी प्रतवारी लावून ठेवली आहे. आमच्या जिल्ह्यात गोदाकाठची गावे सोडली तर बाकी सारा मुलूख विहिरीवर जगला, आणि काळ्या खडकातून पाझरणाऱ्या त्या पाण्यात चुन्याचा अंश एवढा की तपेल्याला आतून पांढरा थर धरावा. अशा पाण्यात चांगल्या पानाचाही सुवास दबतो, रंग मळकट होतो आणि वर साय आल्यासारखी तवंगाची कातडी येते. आले, गवती चहा, वेलदोडा आणि म्हशीचे दाट दूध हे अशा पाण्यावरचे उपाय आहेत, आणि मी तरी त्यांना चहाची विटंबना म्हणणार नाही. आमच्या आयाबायांनी आपल्या विहिरीला अनुरूप असा चहा शोधून काढला. जाळ म्हणावा तर तुराटीचा आणि पऱ्हाटीचा, भडकन पेटणारा आणि झटकन विझणारा. त्याच्यावर पाणी 'किती' तापवायचे हा प्रश्नच नसतो, आधण आले की आले. त्यातच काढ्याची परंपरा घरात जिवंत होती: सर्दी-पडशाला, थंडीतापाला आले-तुळशीचा काढा. चहा प्रथम घरात शिरला तो याच औषधाच्या वाटेने, आणि औषधाच्या पातेल्यातच राहिला. साखर महाग होती तोवर गूळच घालीत. पण उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटते, म्हणून गुळाचा चहा बहुधा कोराच. १९३७-३८ च्या सुमारास बोधनला निजाम साखर कारखाना उभा राहिला, आणि नांदेडच्या वाटेने येणारी पांढरी साखर हळूहळू गुळाची जागा घेऊ लागली. 'गूळपाणी' जाऊन 'चहापाणी' आले, आणि पुढे कचेरीतल्या चपराशाच्या तळहातावर ठेवल्या जाणाऱ्या नाण्यालाही तेच नाव मिळाले.

चहाचा प्रचार करणाऱ्या मंडळींना मात्र हा काढा पसंत नव्हता. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर कर बसवून प्रचारासाठी द्रव्य उभे केले गेले. १९३३ मध्ये हिंदुस्थान, लंका आणि डच वसाहती यांनी निर्यातीवर मर्यादा घालून घेतल्यावर उरलेला माल देशातच खपवणे प्राप्त झाले, आणि १९३७ पासून चहाचा खप वाढवणारे मंडळ पूर्ण जोराने कामास लागले. स्थानकांवर एनॅमलच्या पाट्या लागल्या, गावोगाव प्रात्यक्षिके झाली, आणि पाट्यांवर देशी भाषांतून कृती लिहिलेली असे: ताजे पाणी उकळावे, भांडे गरम करावे, माणशी एक चमचा पान घालावे, पाच मिनिटे झाकावे, दूध-साखर मागाहून. हा सरळ फांट होता. लोकांनी चहा घेतला आणि कृती नाकारली. माझ्या मते या देशातल्या सामान्य स्वयंपाकघराने विसाव्या शतकात घेतलेला हा एक मोठा स्वतंत्र निर्णय होता, आणि त्यावर कोठे ठराव झाला नाही की सभा भरली नाही. आसामात १९३० च्या आसपास विल्यम मॅकर्चर याने पान चिरडून, फाडून, वळवून त्याचा दाणा करणारे यंत्र काढले होते, त्याचा प्रसार स्वातंत्र्यानंतर वाढत गेला, आणि लोकांच्या निर्णयाला जणू कारखान्यांनीच संमती दिली. दाणेदार चहा उकळण्यासाठीच जन्मला आहे. किलोमागे त्याचे पेले अधिक होतात आणि रंग पहिल्याच कढाला येतो. आजही आमच्याकडचे जाणते गिऱ्हाईक दुकानात 'अर्धी दाणेदार, अर्धी भुकटी' असे सांगून मिश्रण करून घेते, दाणा चवीला आणि भुकटी रंगाला. पारख नाहीशी झालेली नाही. ती पानावरून मिश्रणावर आली आहे.

स्थानकाच्या रस्त्यावर हैदराबादी वळणाची हॉटेले आली, तेथे चहाचे पाणी झाकण लावून दमावर ठेवीत, दूध निराळ्या भांड्यात आटत असे, आणि पेल्यात दोहोंची गाठ पडे. सोबत उस्मानिया बिस्किट. मोंढ्यात मात्र हे सोपस्कार नव्हते. पहाटे कापसाच्या गाड्या लागत, बैल सोडून शेतकरी आडतीच्या ओट्यावर बसत, आणि सौदा व्हायच्या आधी मुनीम हाक मारी तेव्हा जर्मनच्या किटलीतून पोऱ्या चहा घेऊन येई. हमाल तो बशीत ओतून पीत, कारण थांबायला सवड नसे. माझे वडील आडतीवर दिवाणजी होते, आणि चहाच्या रिकाम्या पेट्या, पातळ फळ्यांच्या, आतून चंदेरी कागद लावलेल्या, आमच्या घरी पुस्तके ठेवायला होत्या. ती पुस्तके उघडली की आसामाचा वास येई, असे मी तेव्हा समजत असे. फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात रात्रभर पेटलेल्या चहाच्या भट्ट्या आणि त्यांच्याभोवती घोंगड्या पांघरून बसलेली नाना जातिधर्मांची माणसे हे माझ्या बालपणीचे सर्वांत सुखाचे दृश्य होते. म्हणूनच जे दुसरे दृश्य मी पाहिले ते मला अद्याप विसरता आलेले नाही.

ते आजोळच्या गावातले हॉटेल होते: कुडाच्या भिंती, पत्र्याचे छत, दोन बाकडी. दाराबाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेली एक कपबशी पालथी घातलेली असे. महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस आला की तो ती कपबशी स्वतः उचली, पुढे धरी, मालक वरून चहा ओती, हात न लागू देता. बाहेर उकिडवे बसून तो चहा पिऊन होई, ती कपबशी तो स्वतः विसळी आणि परत कोनाड्यात पालथी ठेवी. पैसे मात्र सर्वांचे सारखे. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा होतो. एका म्हाताऱ्याने पैसे आधी जमिनीवर ठेवले आणि मग कप पुढे केला, हे मी पाहिले. आजोबांना मी विचारले की याचा चहा वेगळा आहे का. ते म्हणाले, "चहा एकच आहे रे." त्यांच्या आवाजात लाज होती की नुसता कंटाळा होता, हे मला त्या वयात कळले नाही, आणि नंतर विचारायला ते राहिले नाहीत.

तोवर राज्यघटना लागू होऊन पुष्कळ वर्षे झाली होती. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे; सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली; १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरवला. घटनाकारांना विहिरी, तलाव, रस्ते यांच्या पंक्तीला हॉटेलाचे नाव घालावे लागले, यातच त्या बाकड्याचे या देशाच्या इतिहासातील स्थान काय ते दिसून येते. देवळात जाणे वर्षातून काही वेळा, विहिरीवर जाणे स्त्रियांच्या वाट्याला. पण हॉटेल ही रोजची गोष्ट, आणि पुरुषाचा गावातला मान तेथे रोज दोनदा मोजला जाई. पूर्वी गूळपाण्याच्या काळी कोण कोणाच्या ओसरीवर बसेल हे ठरलेले होते, म्हणून प्रश्नच उद्भवत नव्हता. चहाने पहिल्यांदा अशी जागा निर्माण केली की जेथे कोणीही पैसा टाकून बसू शकेल. आणि अशी जागा निर्माण होताच गावाने तिच्या भिंतीत तो कोनाडा खणला. रेल्वेच्या फलाटांवर एके काळी 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या निराळ्या उठत. पण त्यांत निदान दोघांनाही धड पेला मिळत होता. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सत्तरच्या दशकात गावोगाव फिरू लागली तेव्हा पाण्याबरोबर या कपबशीचीही चर्चा होऊ लागली. आमच्या आजोळचा कोनाडा कोणत्या वर्षी बुजला ते गावात कोणाला सांगता येत नाही. हॉटेल पक्के बांधले तेव्हा तो आपोआप गेला, असे म्हणतात. आपोआप. मला तो शब्द पटत नाही. नव्या बांधणीच्या आधी तिथल्या तरुणांनी बाकड्यावर बसून चहा मागितला होता, मालकाने नाही म्हटले होते, आणि ते उठले नव्हते. हे मला त्यांच्यापैकी एकाने, आता तो निवृत्त शिक्षक आहे, सांगितले.

बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांनी कोऱ्या चहावर दिवस काढले, त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झाले, पुढे जायकवाडीचा डावा कालवा आला आणि ज्वारीच्या शिवारात ऊस उभा राहिला. साखर आता जिल्ह्यातच होऊ लागली. हाली शिक्का गेला, शेर-छटाक गेले, आणा गेला. मोंढ्यातला चहा मात्र तसाच राहिला, फक्त पेला लहान होत होत कागदाचा झाला.

त्या तैवानी पुडीतले पान घेऊन मी मोंढ्यातल्याच एका जुन्या हॉटेलात गेलो, कारण घरी माझा प्रयोग फसला होता. बोअरच्या पाण्यात तो चहा मळकट आणि मुका लागला. हॉटेलाचे मालक, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत आणि चाळीसहून अधिक वर्षे त्याच भट्टीपाशी उभे आहेत. त्यांच्याकडे आता जारचे पाणी येते, चुना काढलेले. मामांनी स्वच्छ पातेल्यात आधण ठेवले. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरवर आहे, म्हणून येथे पाणी शंभराच्या अंश-दीड अंश खालीच उकळते. लिशानच्या डोंगरात ते त्र्याण्णवाच्या आसपासच उकळत असेल. मी सहा-सात ग्रॅम गोळे काचेच्या पेल्यात टाकले, वरून पाणी ओतले, बशी झाकली आणि मनगटावरचे घड्याळ पाहून एका मिनिटाने गाळले. रंग फिकट सोनेरी, साजूक तुपासारखा. मामांनी घोट घेतला, काही बोलले नाहीत, आणि पेल्यात वाकून पाहू लागले. गोळे उलगडू लागले होते. त्यांनी चिमट्याने एक उचलून तळहातावर घेतला, अंगठ्याने हलकेच सरळ केला. एकाच देठाला तीन पाने होती, अखंड, कडांना तांबूस झाक असलेली.

"हे पान आहे होय," मामा म्हणाले. "चाळीस वर्षं उकळतोय, सर, पण पान आज बघितलं."

दुसरे पाणी त्यांनीच ओतले. मी घड्याळाकडे पाहू लागलो तर त्यांनी हातानेच मला थांबवले. बशी किंचित कलती करून वाफ नाकाशी घेतली, पुन्हा झाकली, पुन्हा कलती केली. बाहेर हमाल पोती उतरवीत होते आणि कोणी तरी तीन चहा मागत होते. मामांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

"बस," ते म्हणाले. "काढा आता."

त्या दुसऱ्या पाण्याचा चहा माझ्या पहिल्यापेक्षा चांगला उतरला होता.